जुनी गाडी घेतलीये? आतली बारीकसारीक कामं आमच्याकडे आणायच्या आधी हे वाचा

सेकंडहँड गाडीचं इंजिन सगळेच तपासून घेतात, पण नंतर रोज डोकं खातं ते आतलं सामान. यातलं बरंचसं घरी होतं, फक्त आधी कारण शोधा, मग गमची ट्यूब उघडा.

सगळ्यात जास्त गाड्या येतात त्या छताचं कापड लोंबतंय म्हणून. कापडामागे फोमचा पातळ थर असतो, वर्षानुवर्षं तापून त्याची भुकटी होते, म्हणजे गम सुटलेला नसतो, तो जिला धरून होता ती वस्तूच उरलेली नसते, मग वरून कितीही स्प्रे मारा, आठवड्यात परत खाली. छताचा बोर्ड काढून जुना फोम घासून साफ करायचा आणि फोमवालं नवीन कापड उष्णता सहन करणाऱ्या गमने लावायचं, दुसरा रस्ता नाही. तोवर टाचण्या लावल्यात तरी चालेल, आमच्यातल्या एकाच्या गाडीला अजून आहेत.

काच रडत रडत वर येतेय? लगेच मोटर बदलू नका. आधी काचेच्या कडेचं रबर पुसून सिलिकॉन स्प्रे मारून बघा. ऑइल किंवा ग्रीस नको, त्याने रबर फुगतं आणि धूळ चिकटते.

दाराचं पॅनल खडखडत असेल तर बहुतेक वेळा एखादी क्लिप तुटलेली असते. हँडलच्या खाचेत आणि आर्मरेस्टखाली स्क्रू लपलेले असतात, ते न काढता ओढाल तर पॅनलच फाटेल. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, प्लास्टिकची पट्टी वापरा, आणि थंडीत प्लास्टिक कडक होतं म्हणून जरा ऊन पडल्यावर करा. इन्स्टंट गमने चिकटवून तर अजिबात आणू नका, पांढरे डाग पडतात आणि आमचं काम डबल होतं!

पायाखालचं कार्पेट ओलं असेल तर नुसतं वाळवून उपयोग नाही. साधं पाणी असेल तर बहुधा एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय किंवा दाराचं रबर गेलंय, पण चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आहे, हीटर लीक होतोय, गाडी लगेच दाखवा.

सीटखाली, स्टिअरिंगमध्ये पिवळे कनेक्टर दिसले तर हात लावू नका, ती एअरबॅगची आणि सीटबेल्टची वायरिंग असते. ते काम आमच्यावर सोडा. आणि हो, तुटलेली क्लिप फेकू नका, सोबत आणा, मापाची शोधायला सोपं जातं.