समारंभासाठी फ्लेवर्ड व्हिस्की लिक्युअर चाखून निवडताना

साखरपुडा, वाढदिवस किंवा नव्या घराची पार्टी यांसाठी कॉकटेलची जबाबदारी आमच्याकडे सोपवणारे बरेच ग्राहक बाटल्या स्वतःच म्हापशाच्या किंवा पणजीच्या दुकानातून आणतात, आणि त्याला आमची काहीही हरकत नसते. अडचण येते ती मध, दालचिनी किंवा सफरचंदाच्या चवीच्या स्वस्त व्हिस्की लिक्युअरपाशी. एक बाटली उघडून झाकणभर चव काही न मिसळता घेतली जाते, ती आवडली म्हणून पेटी मागवली जाते, आणि समारंभाच्या संध्याकाळी पहिल्याच ग्लासानंतर पाहुणे विचारतात की यात सरबत किती घातले आहे. मग पाहुणे समोर उभे असताना आम्हाला प्रमाणे नव्याने बसवावी लागतात, आणि त्या वेळेचा भार तुमच्याच कार्यक्रमावर पडतो.

लिक्युअर म्हणजे गोड केलेली व्हिस्की एवढेच समजून चालणार नाही. आपल्याकडील व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते, तर जॅक डॅनियल्सच्या टेनेसी हनीमध्ये ते ३५ टक्के असते आणि दालचिनीच्या फायरबॉलमध्ये ३३ टक्के. युरोपीय संघाच्या नियमानुसार तर लिक्युअर म्हणवून घेण्यासाठी बहुतेक प्रकारांत लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर असावी लागते, आणि प्रत्यक्षात अनेक बाटल्यांत ती याहून बरीच जास्त असते. ही साखर अल्कोहोलचा चटका झाकून टाकते. त्यामुळे मूळ स्पिरिट कितीही ओबडधोबड असले, तरी जिभेवर ते गुळगुळीत वाटते. ग्लासात मात्र बर्फाचे पाणी साखर पातळ करते, लिंबू गोडवा छाटते, आणि जे झाकले गेले होते ते उघडे पडते. याची दुसरी बाजूही आहे: जी बाटली नुसती चाखताना खोकल्याच्या औषधासारखी लागते, तीच १५ मिलिलिटर एवढ्या प्रमाणात उत्तम काम करू शकते. म्हणजे नुसत्या चवीवरून दिलेला निकाल पसंतीचा असो वा नापसंतीचा, दोन्हीकडे फसवतो. फ्रीझरमधून काढलेल्या बाटलीची चव तर मुळीच धरू नये, कारण थंडपणात गोडवाही दबतो आणि वासही.

आम्ही स्वतः चाखतो ते असे. सामान्य तापमानाच्या लिक्युअरमध्ये तेवढेच साधे पाणी घालून आधी फक्त वास घ्यावा. व्हिस्कीचे ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून चव जुळवणारे तज्ज्ञही, नमुने साधारण २० टक्क्यांपर्यंत पातळ करूनच हुंगतात. पाण्यात मधाचा वास टिकला तर ठीक, पण केवळ साखरेच्या पाकाचा किंवा नेलपॉलिशसारखा वास वर आला, तर ती बाटली तिथेच बाजूला ठेवावी. यानंतर पेग मेजरने मोजून ३० मिलिलिटर साधी व्हिस्की, १५ मिलिलिटर लिक्युअर आणि १५ मिलिलिटर ताजा लिंबूरस बर्फावर चांगला ढवळून घोटभर घ्यावा. अंदाजाने ओतू नये, कारण एवढ्या लहान मापात पाच मिलिलिटरनेही चव बदलते. दालचिनीचा नमुना सर्वांत शेवटी चाखावा. त्याची जळजळ अल्कोहोलची नसून दालचिनीतील तेलाची असते, ती जिभेवर रेंगाळते आणि पुढच्या नमुन्याची चव कळू देत नाही. चार-पाच नमुने चाखायचे असतील तर घोट गिळण्याऐवजी थुंकून टाकण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. गाडी चालवून घरी जायचे असेल, तर तोच एक मार्ग आहे.

चाखणे बरोबर झाले तरी प्रमाणात गडबड होऊ शकते. व्हिस्की सावरच्या कृतीत ६० मिलिलिटर व्हिस्की, २० ते २५ मिलिलिटर लिंबूरस आणि जवळपास तेवढाच पाक असतो. व्हिस्कीच्या जागी पूर्ण ६० मिलिलिटर लिक्युअर घालून पाकही तसाच ठेवला, तर गोडवा दोनदा पडतो. समभाग साखर-पाण्याच्या १५ मिलिलिटर पाकातच सुमारे नऊ ग्रॅम साखर असते. त्यामुळे आम्ही ४५ मिलिलिटर व्हिस्की आणि १५ मिलिलिटर लिक्युअर घेतो, पाक आधी वगळतो आणि लागलाच तर शेवटी थेंबाथेंबाने घालतो. हुर्राकात, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसापासून काढलेल्या हलक्या दारूत, लिम्का घालण्याची आपली गोव्याची सवय इथे उपयोगी पडत नाही. हुर्राक मुळात गोड नसतो, म्हणून लिम्का त्याला शोभते. मधाच्या लिक्युअरला साधा सोडा, लिंबाची फोड आणि ठेचलेले आले पुरेसे असते.

लेबल वाचण्याची तसदीही जरूर घ्यावी. सदर्न कम्फर्ट हे लिक्युअर १८७४ साली न्यू ऑर्लिन्समध्ये मार्टिन विल्क्स हेरन या बारटेंडरने तयार केले, पण पुढे अनेक दशके त्यात व्हिस्कीऐवजी न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे स्वतःची चव जवळपास नसलेले शुद्ध अल्कोहोल, असे, आणि २०१७ साली व्हिस्की परत आली. व्हिस्कीच्या चवीचे आणि व्हिस्कीपासून केलेले यांत असा फरक असतो. स्वस्त बाटलीत न्यूट्रल स्पिरिट असेल तर ती टाकाऊ ठरत नाही, फक्त सोबत साधी व्हिस्की अधिक घालावी लागते. क्रीमच्या लिक्युअरमध्ये मात्र लिंबू घालूच नये, ते फाटते.

काही ग्राहक विचारतात की चाखण्याच्या बैठकीचे वेगळे शुल्क कशासाठी. नमुन्यांच्या बाटल्या आमच्या खर्चाने उघडल्या जातात, आणि उघडलेली बाटली दुकान परत घेत नाही. काम आमच्याकडे दिल्यास हे शुल्क अंतिम बिलातून वजा होते. महागडी बाटली सुचवण्यात आमचा कोणताही लाभ नाही, कारण बाटल्या आम्ही विकत नाही. उलट लिक्युअर १५ मिलिलिटरनेच लागत असल्याने ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीत पन्नास ग्लास होतात, आणि पेटी घेण्याची गरज क्वचितच पडते.

सावंतवाडी-दोडामार्गकडून येणाऱ्या ग्राहकांनी हेही लक्षात ठेवावे की गोव्यात घेतलेली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेता येत नाही, त्यामुळे समारंभ तिकडे असेल तर खरेदीही तिकडेच करावी. बैठकीसाठी समारंभाच्या किमान दोन आठवडे आधी कळवावे, अंदाजे पाहुण्यांची संख्या सांगावी आणि तोपर्यंत कोणतीही बाटली घेऊ नये.