बर्नार्ड शॉ आणि गरिबी
जॉर्ज बर्नार्ड शॉ (१८५६-१९५०) हा आयरिश नाटककार त्याच्या टोमण्यांसाठी फेमस आहे, पण गरिबीबद्दल तो जे बोलायचा ते नुसता हशा मिळवायला नव्हतं. गरिबी हा गरिबाचा दोष नाही आणि सद्गुण तर मुळीच नाही, तो समाजाने केलेला सगळ्यात वाईट गुन्हा आहे, असं त्याचं सरळ मत. गरिबीचे गोडवे गाणाऱ्यांचा त्याला मनापासून राग यायचा.

हे सगळं त्याने जवळून बघितलेलं होतं. डब्लिनला पोरवयात तो एका जमीनजुमल्याच्या एजंटकडे कारकून होता, तिथे गरीब भाडेकरूंकडून भाडंवसुली करायला लागायची. १८७६ ला लंडनला आला, १८८४ मध्ये फेबियन सोसायटी या समाजवाद्यांच्या संघटनेत शिरला. १८९२ चं त्याचं पहिलं नाटक 'विडोअर्स हाउसेस', त्यात गरिबांच्या भाड्याच्या घरांचा वसुलीवाला तिथला मोडका जिना दुरुस्त करायला थोडे पैसे घालतो म्हणून मालक त्याला कामावरून काढतो, आणि त्या मालकाच्या मुलीशी लग्न ठरलेला तरुण डॉक्टर हे ऐकून म्हणतो की असला पैसा मला नको, मग त्याला कळतं की त्याचं स्वतःचं वर्षाचं ७०० पौंडांचं उत्पन्नही त्याच घरांवरच्या गहाणाच्या व्याजातून येतंय. शॉचा खरा मुद्दा इथेच आहे, एकट्यादुकट्याने सज्जनपणे वागून भागत नाही, व्यवस्थाच बदलायला लागते.

'मेजर बार्बरा' नाटकात (१९०५) गरिबांचं अन्नछत्र दारूवाल्याच्या आणि तोफा बनवणाऱ्याच्या देणगीवर चालतं. 'पिग्मॅलियन'मधला कचरा उचलणारा डूलिटल पोरीला शिकवायला ठेवून घेतलेल्या प्रोफेसरकडे तिच्या बदल्यात पाच पौंड मागतो, दहा देऊ केले तर नको म्हणतो, कारण दहा आले की माणूस जपून वागायला लागतो. मदत लायक गरिबांनाच का, नालायकाला काय भूक कमी लागते, हा त्याचा सवाल आजही सरकारी योजनांना विचारावा असा आहे. पुलंनी याच नाटकावरून 'ती फुलराणी' (१९७५) केलं, पण आपल्याकडे चर्चा त्यातली नायिका मंजुळा हिचीच जास्त होते.

शॉचा उपाय म्हणजे सगळ्यांना सारखं उत्पन्न. मेव्हणीने समाजवाद समजावून सांग म्हटल्यावर त्याने १९२८ मध्ये यावर अख्खं जाडजूड पुस्तक लिहिलं. पण १९३१ ला रशियात जाऊन आल्यावर तो स्टालिनची तारीफ करत सुटला आणि तिथल्या दुष्काळाच्या बातम्या खोट्या ठरवत राहिला. लाखो माणसं भुकेने मेली तिथे, हे त्याला माफ करता येत नाही.