खुलासा: १५ कोटी अंशांत भट्टीची भिंत का वितळून जात नाही?

फोंडा-म्हापशात विज्ञानाचं व्याख्यान संपलं की हा प्रश्न हमखास येतो: ‘फ्यूजन रिअ‍ॅक्टरमध्ये १५ कोटी अंश तापमान, मग भिंत वितळून सगळं उडून नाही का जाणार?’ (फ्यूजन रिअ‍ॅक्टर म्हणजे हायड्रोजनची अणुकेंद्रकं एकत्र जोडून ऊर्जा काढणारी भट्टी.) व्हॉट्सअ‍ॅपवरही हेच फिरतं. चुकीचं आहे.

तापमान आणि उष्णता एक नव्हे. नरकासुराच्या रात्री फुलबाजीची ठिणगी हातावर पडते, हजारभर अंशांची. फोड मात्र सहसा येत नाही, कारण ती इवलीशी असते. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या ‘इटर’ या फ्यूजन रिअ‍ॅक्टरच्या प्रचंड पोकळीत एका वेळी जेमतेम ग्रॅमभर इंधन असेल. प्लाझ्मा, म्हणजे या इंधनाचा विद्युतभारित तप्त वायू, हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ, चुंबकीय क्षेत्राने भिंतीपासून दूर धरलेला. तो भिंतीला भिडला तर स्वतःच थंड होऊन विझतो.

पण ‘भिंतीला काहीच होत नाही’ हेही खोटं, आणि ते सांगायलाच हवं. भट्टीच्या तळाशी उष्णता आणि कचरा बाहेर काढणारा भाग असतो, डायव्हर्टर; त्यावर दर चौरस मीटरला १ कोटी वॅट उष्णता आदळते. तिथे टंगस्टन वापरतात. ते ३४२२ अंशांना वितळतं, मागून पाणी खेळवलेलं असतं. तरी प्लाझ्माचे अचानक झटके बसले की कडा वितळतात. इंग्लंडच्या ‘जेट’ या फ्यूजन यंत्रात २०१३ साली टंगस्टनची एक कड मुद्दाम पुढे काढून वितळवून पाहिली. वितळलेला धातू चुंबकीय बलाने सरकला, कडेला साचला. यंत्र शाबूत राहिलं. खरी डोकेदुखी स्फोटाची नाही, असे झिजलेले तुकडे बदलत राहण्याची आहे.