कान विसरत नाही

परदेशातून मूल दत्तक घेऊन आलेल्या आईवडिलांना हमखास ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे, ‘लहान आहे हो, त्याला काय आठवतंय? चार महिन्यांत सगळं विसरेल.’ लोक धीर द्यायलाच असं म्हणतात. पण मूल म्हणजे कोरी पाटी ही समजूत चुकीची आहे, आणि ती खोडून निघाली दत्तक गेलेल्या मुलांच्याच अभ्यासातून.

सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने परदेशी दत्तकविधानाचा कार्यक्रम जवळपास पूर्ण बंद केला. १९९२ पासून तोवर दीड लाखांहून जास्त चिनी मुलं परदेशांत गेली होती. कोरियन युद्धानंतर दक्षिण कोरियातून गेलेल्या मुलांची संख्या दोन लाखांच्या घरात जाते. यातली बहुतेक आता मोठी झाली आहेत, आणि पहिल्या भाषेचं मेंदूत पुढे काय होतं हे त्यांच्याइतकं स्पष्ट दुसरं कुणी सांगू शकत नाही. स्थलांतरित कुटुंबात जुनी भाषा निदान घरात तरी चालू राहते. दत्तक मुलाची भाषा मात्र प्रवासाच्या दिवशीच तुटते आणि त्यानंतर ती बहुधा कानावर पडतच नाही. तीन-चार वर्षांचं, घडाघडा बोलणारं मूलसुद्धा काही महिन्यांत ती बोलेनासं होतं.

२००३ साली पॅरिसमधल्या संशोधकांनी कोरियात जन्मलेल्या आणि तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये आलेल्या तरुणांना कोरियन वाक्यं ऐकवली आणि त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. कोरियन वाक्यं त्यांना ओळखता आली नाहीत. त्यांचे स्कॅनही जन्मापासून फ्रेंच बोलणाऱ्यांपेक्षा वेगळे दिसले नाहीत. पाटी पुसली गेली, असाच निष्कर्ष कुणीही काढला असता.

माझ्या मते त्या प्रयोगात काही खोट नव्हती, पण प्रश्न अपुरा होता. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवलं होतं की पूर्ण विसरलेली यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे ‘आठवतं का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं तरी ‘पुन्हा शिकताना सोपं जातं का?’ याचं उत्तर ‘हो’ असू शकतं. खरी तपासणी इथे सुरू होते, आणि ती ज्या अक्षरांवर झाली ती आपल्या रोजच्या तोंडातली आहेत: त आणि ट.

त म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकतं. ट म्हणताना ते मागे वळून टाळूला लागतं. दोन्ही आवाजांतला फरक जेमतेम काही शतांश सेकंदांत घडतो, तरी आपल्याला तो ठळक जाणवतो. इंग्रजीतला ‘टी’ या दोन जागांच्या मध्ये कुठेतरी उच्चारला जातो. त्यामुळे इंग्रजीत वाढलेल्या प्रौढाचा कान त आणि ट एकाच खात्यात टाकतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या तान्ह्या बाळांवर याचा प्रयोग केला. एक आवाज सतत वाजत राहतो. तो बदलला की शेजारच्या पेटीत उजेड पडून खेळणं हलायला लागतं. बाळाला हे एकदा उमगलं की आवाज बदलताच ते पेटीकडे मान वळवतं. सहा ते आठ महिन्यांच्या जवळजवळ सगळ्या बाळांनी हिंदीतल्या त-ट फरकाला मान वळवली. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांनी वळवली नाही. जगातलं प्रत्येक मूल असे अनेक भाषांतले फरक ओळखायची क्षमता घेऊन येतं, आणि वर्षभरात मेंदू घरी लागतात तेवढे ठेवून बाकीच्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतो. ‘भाषा रक्तातच असते’ असं म्हणणाऱ्यांना हा एक प्रयोग पुरेसा आहे. इंग्रजी घरातल्या त्या बाळांच्या रक्तात हिंदी नव्हती.

आता दत्तक मुलांकडे वळू. लेहेर सिंग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये भारतात जन्मलेली, लहान वयात अमेरिकेत दत्तक गेलेली मुलं घेतली आणि सोबत तुलनेसाठी इंग्रजीतच वाढलेली अमेरिकन मुलं घेतली. सुरुवातीला दोन्ही गटांना त आणि ट वेगळे ऐकू येईनात. मग थोडासा सराव दिला. दत्तक मुलांना फरक कळू लागला, दुसऱ्या गटाला नाही. ज्या भाषेतला एक शब्दही सांगता येत नाही, तिची अक्षरं कानात कुठेतरी शाबूत होती.

नेदरलँड्समध्ये वाढलेल्या कोरियन दत्तक प्रौढांवरचा २०१७ चा अभ्यास याहून पुढे जातो. कोरियनमध्ये ‘प’सारखा एकच आवाज सैल, ताठ आणि श्वासासह अशा तीन तऱ्हांनी येतो आणि तिन्हींनी शब्द बदलतो. साधारण तिशीतल्या या माणसांना दोन आठवड्यांच्या आसपास सराव दिला, तेव्हा त्यांची प्रगती इतर डच लोकांपेक्षा सरस ठरली. त्यांतले काही तीन ते पाच महिन्यांचे असतानाच कोरिया सोडून आले होते, तर काही दीड वर्षाच्या आसपास किंवा त्यानंतर. दोन्ही गटांत फरक आढळला नाही! तीन महिन्यांचं बाळ अजून ‘बाबा’ ‘दादा’ही करत नसतं, तरी त्याने ऐकलेलं तीस वर्षं टिकलं.

हे टिकतं कुठे? या प्रश्नाचं सगळ्यात सुंदर उत्तर गव्हाणी घुबडाने दिलं आहे. हे घुबड मिट्ट काळोखात केवळ आवाजावरून उंदीर पकडतं. आवाज उजवीकडून आला की उजव्या कानाला तो सेकंदाच्या काही दशलक्षांश भागाने आधी पोचतो. या फरकांवरून घुबडाचा मध्यमेंदू आवाजाच्या दिशांचा नकाशा तयार करतो आणि डोळ्यांनी दिसणाऱ्या दिशांशी तो जुळवून घेतो. स्टॅनफर्डच्या एरिक नूडसन यांनी पिलांना लोलकाचे चष्मे घातले. समोरचं सगळं दृश्य साधारण २३ अंशांनी एका बाजूला सरकलं. कान एक सांगतात आणि डोळे दुसरंच दाखवतात. काही आठवड्यांत पिलांच्या मेंदूतल्या चेतातंतूंना नवे फाटे फुटले आणि आवाजाचा नकाशा सरकून डोळ्यांशी जुळला. प्रौढ घुबडाला मात्र हे जमत नाही. चष्मा काढला की पिलांचा नकाशाही पूर्ववत होतो. मोठेपणी अशा घुबडाला तपासलं तर ते अगदी सर्वसामान्य निघतं, पॅरिसच्या स्कॅनमधल्या तरुणांसारखंच.

पण त्याच प्रौढ घुबडाला चष्मा पुन्हा घाला. ज्याने लहानपणी तो घातला होता त्याचा नकाशा पुन्हा सरकतो, इतर प्रौढांचा सरकत नाही. २००५ मध्ये याचं शरीररचनेतलं कारणही सापडलं: लहानपणी फुटलेले ते फाटे मोडलेलेच नव्हते. शिकलेल्या आणि मूळच्या अशा दोन्ही जोडण्या शेजारी शेजारी टिकून राहतात, आणि जी नको आहे तिला ‘गाबा’ या रसायनावर चालणाऱ्या पेशी दाबून धरतात. विसरणं म्हणजे पुष्कळदा हे दाबून धरणंच. माणसाच्या मेंदूतले फाटे असे कापून बघता येत नाहीत, तरी एक खूण मिळाली आहे. २०१४ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये ९ ते १७ वर्षांच्या मुलींना चिनी भाषेतले सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, ऐकवले. सरासरी वर्षाच्या असताना चीनमधून दत्तक आलेल्या आणि फक्त फ्रेंच जाणणाऱ्या मुलींच्या मेंदूचा डावीकडचा श्रवणभाषेचा भाग जागा झाला, चिनी आणि फ्रेंच दोन्ही बोलणाऱ्या मुलींसारखाच. फक्त फ्रेंच ऐकत वाढलेल्या मुलींमध्ये तो झाला नाही.

घरी नुकत्याच आलेल्या मुलाकडे या माहितीनंतर वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. जुनी भाषा जाते आणि नवी अजून यायची असते, या मधल्या काळात मूल गप्प होतं, चावतं, वस्तू फेकतं. त्याला हट्टी ठरवू नका. त्याच्या भाषेतली झोप, भूक, दुखतंय, शू, ये अशी पाच-दहा शब्दांची शिदोरी आईवडिलांनी आधी पाठ करून ठेवावी. ज्या कपड्यात किंवा पांघरुणात मूल आलं ते लगेच धुवायला टाकू नका, वासाची ओळख त्यातच असते. नवी भाषा ॲपवर सोपवू नका. पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसवली, तेव्हा बाळं चिनी आवाज शिकली. तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं, तेव्हा शिकली नाहीत.

रात्रीच्या जागरणाचं निम्मं कारण घड्याळात असतं. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासाभरानेच सरकतं, म्हणजे आठ-नऊ तासांचा फरक मुरायला आठवड्याहून जास्त काळ लागतो. उशाखाली लपवलेला पोळीचा तुकडा सापडला तर रागावू नका, हाताशी खाऊ ठेवा. ‘किती गोड आहे, कुणाकडेही जातं!’ या कौतुकाने मात्र सावध व्हावं. पाळीपाळीने बदलणाऱ्या सेविकांच्या हाती वाढलेल्या मुलाला आपलं माणूस कोण आणि परकं कोण हे ठरवायची संधीच मिळालेली नसते. रोमानियातून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या १६५ मुलांच्या दीर्घ अभ्यासात, सहा महिन्यांहून जास्त काळ अनाथालयात राहिलेल्यांमध्ये ही खूण ठळक आढळली. म्हणून पहिले काही आठवडे भरवणं, न्हाऊ घालणं, कडेवर घेणं फक्त आईवडिलांनी करावं. पाहुण्यांनी थांबावं.

‘मुलाची तुमच्याशी जोड लावून देतो’ म्हणणाऱ्या उपचारांपासून तर दूरच राहा. २००० साली अमेरिकेत कोलोराडोमध्ये ‘पुनर्जन्म’ नावाच्या अशाच एका प्रकारात दत्तक मुलीला पांघरुणात गुंडाळून दाबून धरलं गेलं आणि तिचा जीव गेला. त्यामागे कुठलंही विज्ञान नव्हतं.

शरीराचंही पाहायला हवं. अनाथालयातल्या दर तीन महिन्यांमागे उंचीची वाढ सुमारे एक महिन्याने मागे पडते आणि घरी आल्यावर झपाट्याने भरून निघते. या वेगाने लोहाचा साठा संपू शकतो, म्हणून आल्यावर एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासावा. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींच्या १९९१ च्या अभ्यासात मासिक पाळी सुरू होण्याचं मधलं वय ११.६ वर्षं, म्हणजे नेहमीपेक्षा कमी निघालं. तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या मुलीत बदल दिसू लागले तर डॉक्टरांना दाखवायला वेळ लावू नये.

आणि एक काम पहिल्या काही आठवड्यांतच उरकायला हवं: मुलाच्या स्वतःच्या भाषेत, दुभाष्याच्या मदतीने, त्याच्या बोलण्याची तपासणी. सोबत कानांचीही, कारण वारंवार कान फुटून ऐकू कमी येणं संस्थेतल्या मुलांत पुष्कळ आढळतं. वर्षभराने शाळेत ‘याचं बोलणं मागे आहे’ अशी तक्रार आली, तर मूल मुळातच उशिरा बोलणारं आहे की फक्त नव्या भाषेत नवखं आहे, हे ठरवायला या तपासणीचा कागद हाती हवा. तोवर त्याची पहिली भाषा त्याच्या तोंडून गेलेली असते आणि ती तपासणी पुन्हा करता येत नाही.