काडतुसाच्या बुडावरचा आकडा

पूर्व विदर्भात धान निसवलं की जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खी बांधी लोळवतो. आजोबांच्या काळी जागलीच्या माळ्यावर बंदूक असायची. तिचं एक रिकामं काडतूस त्यांच्या लाकडी पेटीत राहून गेलं होतं. ओलीने फुगलेली कागदी नळी, खाली पितळी बूड, मधोमध दारू पेटवणारी टोपी आणि टोपीवर सुईच्या ठोक्याचा खळगा. बुडावर दोन खुणा: ‘केएफ’ आणि ‘१६’.

केएफ म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ सालचा. सोळाचं कोडं मात्र मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं. हे माप मिलिमीटरचं नाही, इंचाचंही नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या सोळा गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी सोळा बोअरची. ४५३.६ ग्रॅम भागिले १६, म्हणजे २८ ग्रॅमच्या थोडं वर. एवढ्या शिशाच्या गोळीचा व्यास येतो सुमारे १६.८ मिलिमीटर. बारा बोअरची गोळी जड, म्हणून तिचा व्यास १८.५. आकडा लहान, तर नळी मोठी!

काडतुसाआधीची बंदूक म्हणजे भरमार. दारू, चिंधी, छर्रे, सगळं तोंडाकडून ठासायचं. दारूला ओल लागली की बार फुसका. काडतुसाने हा सगळा पसारा एका कवचात आणला. पण त्याची खरी करामत पितळेत आहे, असं मला वाटतं. साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. बार उडताना वायूच्या दाबाने कवच फुगतं, नळीला आतून घट्ट चिकटतं आणि वायूची मागची वाट बंद होते. दाब उतरताच पितळ किंचित आक्रसतं, म्हणून रिकामं काडतूस सहज बाहेर येतं. मागून भरायच्या सुरुवातीच्या बंदुकांत हाच वायू फटीतून नेमबाजाच्या तोंडावर यायचा.

१८५७ साली एनफिल्ड रायफलीचं कागदी काडतूस शिपायांना दातांनी फाडावं लागत होतं. त्यानंतर नऊच वर्षांनी, १८६६ मध्ये, स्नायडर रायफलीसाठी बॉक्सर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने पातळ पितळी पत्रा गुंडाळून कवच बनवलं.

पुढे काडतुसांचे आकडे कायद्याने घडवले. पॉइंट ४५० म्हणजे ०.४५० इंच मापाच्या मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश रायफली बंडखोरांच्या हाती होत्या, म्हणून १९०७ मध्ये ब्रिटिशांनी त्या मापाची काडतुसं भारतात आणायला बंदी घातली. मोठ्या शिकारीसाठी मग बंदूकवाल्यांनी पॉइंट ४७० आणि पॉइंट ४६५ बाजारात आणली. पॉइंट ३०३ तर फौजेचंच, ते इतरांना वर्ज्य. त्याची जागा घेतली ऑस्ट्रियाच्या सैन्याच्या आठ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसाने. इथे ते पॉइंट ३१५ या नावाने विकलं गेलं. ऑस्ट्रियाच्या फौजेने ते केव्हाच सोडलं. आपल्याकडे बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्याने त्याच मापाची रायफल बनवली आणि परवानाधारकांमध्ये ती आजही दिसते.

भरमारही कायद्यातून सुटली नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी भरमारच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर मात्र डुकरावर बार टाकण्याआधी वनखात्याची परवानगी लागते. आमच्या बांधीत आता जागलीला टॉर्च आणि फटाके असतात.