तीन अक्षरी इंग्रजी शब्द

इंग्रजीत रोमन लिपीच्या तीन अक्षरांत लिहिले जाणारे शब्द. ‘तीन अक्षरी’ हे माप इंग्रजी लेखनाचे आहे; देवनागरीत उतरवले की ‘बॅट’, ‘सेट’, ‘रन’ यांची दोनच अक्षरे उरतात. रोमन लिपीच्या २६ अक्षरांतून तीन-तीन अक्षरांच्या १७,५७६ जुळण्या होऊ शकतात. त्यांतल्या जेमतेम हजार-दीड हजार जुळण्यांना शब्दखेळांच्या अधिकृत याद्या शब्द म्हणून मान्यता देतात आणि रोजच्या बोलण्यालिहिण्यात लागतात ते शब्द काही शेच. मात्र या थोड्या शब्दांवर इंग्रजीने अर्थांचे जेवढे ओझे टाकले आहे, तेवढे लांबलचक, भारदस्त शब्दांवर क्वचितच टाकले असेल.

तीनच अक्षरे का, याला इंग्रजी लेखनाचा एक संकेत कारणीभूत आहे. स्वतंत्र अर्थाचा शब्द, म्हणजे नाम, विशेषण किंवा क्रियापद, सहसा तीन अक्षरांपेक्षा लहान लिहीत नाहीत. एकदोन अक्षरांची सवलत असते ती केवळ अव्यये, सर्वनामे, साहाय्यक क्रियापदे अशा व्याकरणी शब्दांना. ‘आत’ या अर्थाचा ‘इन’ दोन अक्षरांत भागतो, पण पांथस्थांच्या खानावळीचा ‘इन’ लिहिताना शेवटचा ‘एन’ दोनदा येतो. ‘असणे’ या अर्थाच्या ‘बी’ला दोन अक्षरे पुरतात, मधमाशीला तीन लागतात. ‘मी’ या अर्थाचा ‘आय’ एका अक्षराचा आणि डोळा या अर्थाचा तीन अक्षरांचा. ‘एग’, ‘अ‍ॅड’, ‘ऑड’ यांतले जोड व्यंजनही उच्चाराला काही भर घालत नाही. त्याने अक्षरांची संख्या तेवढी भरते. ‘गो’, ‘डू’, ‘ऑक्स’ हे अपवाद आहेतच. इंग्रजी लेखनाचे जे थोडे नियम बऱ्यापैकी पाळले जातात, त्यांत हा मोडतो, आणि गंमत म्हणजे शाळेत तो क्वचितच शिकवला जातो.

अर्थांच्या संख्येत सध्या पहिला मान ‘रन’ या क्रियापदाचा. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती, सुमारे ६०,००० शब्दांच्या त्या नोंदीत चारशेहून अधिक अर्थ दिले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने तपासल्या जाऊ लागल्या तेव्हा २००० साली ‘मेक’, २००७ साली ‘पुट’ आणि २०११ साली ‘रन’ यांनी क्रमाने हा मान पटकावला. ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले, आणि ती एक नोंद तयार करण्यात संपादक पीटर गिलिव्हर यांचे नऊ महिने गेले. माणूस धावतो, नदी वाहते, नाक गळते, यंत्र चालते, कपड्याचा रंग उतरतो, उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, कुणी दुकान चालवतो, वर्तमानपत्र बातमी छापते. इतक्या सगळ्यांना हे एकच क्रियापद पुरते. मुळात पायांनी धावणे एवढाच अर्थ होता. त्यातून ‘अखंड गती’ ही कल्पना सुटी झाली आणि जिथे जिथे ती दिसली तिथे तिथे शब्द जाऊन बसला. मराठी वाचकाला यात फार अद्भुत वाटायला नको. भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, ठेच लागते आणि रात्री उशिरा कधीतरी डोळा लागतो. ‘लागणे’चा पसारा परक्या माणसाला समजावून सांगायला बसले की ‘रन’बद्दलची तक्रार आपोआप कमी होते.

जो शब्द जास्त वापरला जातो तो आखूड असतो आणि त्याला अर्थही जास्त असतात, हे अमेरिकी भाषाभ्यासक जॉर्ज किंग्स्ली झिफ याने १९४० च्या दशकात आकडेवारीने दाखवले. यात इंग्रजीने आपली भर घातली. क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’सारखे शेपूट जोडले की नवा अर्थ तयार होतो. ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे, ‘पुट अप’ म्हणजे एखाद्याची मुक्कामाची सोय करणे. मूळ ‘पुट’, म्हणजे ठेवणे, यांत कुठे शिल्लक आहे ते शोधावे लागते.

पण सगळी अनेकार्थता अशी एका मुळातून फुटलेली नसते. पुष्कळदा दोन अनोळखी शब्द झिजत झिजत एकाच रूपाला येऊन पोचलेले असतात. जुन्या इंग्रजीत शब्दांना प्रत्ययांची शेपटे होती. मध्ययुगात ती गळून पडली आणि वेगळे शब्द सारखे दिसू लागले. चेंडू मारण्याची ‘बॅट’ जुन्या इंग्रजीतल्या सोट्याच्या नावावरून आली, तर वटवाघूळ आधी ‘बॅक’च्या जवळपासच्या नावाने ओळखले जाई आणि सोळाव्या शतकात त्याचे ‘बॅट’ झाले. ‘इअर’ म्हणजे कान आणि ‘इअर’ म्हणजे कणीस यांचेही नाते नाही. कणसाचा शब्द ‘टोकदार’ अशा अर्थाच्या मुळापासूनचा आहे. लिहिण्याचे ‘पेन’ लॅटिनमधल्या पिसाच्या नावावरून आले, जनावरांचा कोंडवाडा असलेले ‘पेन’ जुन्या इंग्रजीतले, आणि हंसाच्या मादीलाही ‘पेन’च म्हणतात. सर्वांत मजेदार जोडी ‘फॅन’ची. वारा घालणारा पंखा हा मुळात धान्य पाखडण्याचे सूप, लॅटिनमध्ये ‘वॅनस’. खेळाडूचा किंवा नटाचा चाहता मात्र ‘फॅनॅटिक’ या शब्दाचा तुकडा असून त्याचे मूळ देवळाच्या लॅटिन नावात आहे.

अशा शब्दांना कोशकार वेगवेगळ्या नोंदी देतात आणि शब्दाच्या डोक्यावर लहान आकडे चढवतात. एका मुळातून फुटलेले अर्थ एकाच नोंदीत राहतात. रेघ नेहमी स्वच्छ ओढता येते असे नाही. ‘सेट’ हे क्रियापद ‘बसणे’ या अर्थाच्या ‘सिट’चे प्रयोजक रूप, म्हणजे ‘बसवणे’. संच या अर्थाच्या ‘सेट’मध्ये मात्र पंथ किंवा अनुयायी अशा अर्थाच्या लॅटिन ‘सेक्टा’चे रक्त मिसळले आहे. ‘बार’चेही तसेच. फ्रेंचमधून आलेला हा मूळचा आडवा दांडा. न्यायालयातल्या कठड्यावरून तो वकिलांच्या समूहाचे नाव झाला, मद्य वाढण्याच्या फळीवरून मद्यगृहाचे, संगीतलेखनातल्या उभ्या रेघेवरून तालाच्या एका भागाचे, आणि आकारसाम्याने साबणाच्या वडीचेही. पण हवेचा दाब मोजण्याचा ‘बार’, म्हणजे १,००,००० पास्कल, या कुटुंबातला नव्हे. तो ‘वजन’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवलेला.

याच टकरीतून काही शब्द स्वतःच्याच विरुद्ध उभे राहिले. ‘लेट’ म्हणजे होऊ देणे, आणि दुसऱ्या ‘लेट’चा अर्थ अडवणे. जुन्या इंग्रजीत ही दोन निराळी क्रियापदे होती. दुसरे आता जवळजवळ मेले आहे, पण टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळ्याला चाटून योग्य चौकटीत पडला की पुकारला जाणारा ‘लेट’ त्याचाच अवशेष मानतात, आणि पारपत्रावरच्या मजकुरातही धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’, म्हणजे विनाअडथळा, जाऊ द्यावे असे म्हटलेले असते. ‘आउट’चा प्रकार निराळा, तिथे शब्द एकच आहे: तारे ‘आउट’ झाले म्हणजे दिसू लागले, दिवे ‘आउट’ झाले म्हणजे दिसेनासे झाले.

उच्चारही कधी फिरतो. ओळ आणि वल्हवणे या अर्थांचा ‘रो’ आणि भांडण या अर्थाचा ‘राउ’ इंग्रजीत एकसारखेच लिहितात. धनुष्याचा ‘बो’ आणि लवून केलेल्या नमस्काराचा ‘बाउ’ही तसेच. देवनागरी येथे इंग्रजीपेक्षा प्रामाणिक ठरते. उलट ‘पेन’ आणि वेदना या अर्थाचा ‘पेन’ देवनागरीत एकच दिसतात, हेही कबूल करायला हवे.

काही तीन अक्षरी शब्द जन्मतः तसे नव्हतेच. ‘बस’ हे ‘सर्वांसाठी’ अशा अर्थाच्या लॅटिन ‘ऑम्निबस’चे उरलेले शेपूट, ‘व्हॅन’ हे ‘कॅरॅव्हॅन’चे, ‘झू’, ‘जिम’, ‘कॅब’ यांची डोकी राहिली आणि धड गेले. झुंडीचा ‘मॉब’ हा लॅटिन शब्दसमूहाची काटछाट करून बनला. ‘गॅस’ मात्र सरळ घडवलेला शब्द. सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट या रसायनशास्त्रज्ञाने ‘केऑस’ या ग्रीक शब्दावरून तो बेतला. संगणकाने जुन्याच शब्दांना नवी कामे दिली. ‘बिट’ म्हणजे चावा किंवा तुकडा होताच. ‘बायनरी डिजिट’चा संक्षेप म्हणून तो गणितज्ञ क्लॉड शॅनन याने १९४८ साली छापला आणि श्रेय जॉन टुकी याला दिले. ‘बग’ म्हणजे किडा. संगणकातल्या दोषाला हे नाव यंत्रात सापडलेल्या किड्यावरून पडले, ही सांगितली जाणारी गोष्ट अर्धीच खरी आहे. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क-२ या संगणकयंत्रात पतंग जातीचा किडा सापडला व तो नोंदवहीत चिकटवला गेला हे खरे, पण यंत्रातला दोष या अर्थाने ‘बग’ हा शब्द एडिसनने १८७८ सालीच पत्रात वापरला होता.

अर्थ पूर्ण उलटण्याची उदाहरणेही आहेत. दुःखी या अर्थाचा ‘सॅड’ जुन्या इंग्रजीत ‘पोट भरलेला, तृप्त’ होता. तृप्तीतून जडपणा, जडपणातून गंभीरपणा आणि त्यातून खिन्नता, असा त्याचा उतार झाला.

या सगळ्या भानगडी एका जागी मात्र निरर्थक ठरतात. स्क्रॅबल या शब्द जुळवण्याच्या खेळाच्या पटावर शब्दाचा अर्थ कुणी विचारत नाही, यादीत तो असला की झाले. त्यामुळे छपराच्या पाटीदगडाला आकार देणारे ‘झॅक्स’ हे हत्यार, किंवा हिमनदीने कोरलेल्या दरीचे वेल्श नाव ‘कूम’, ज्यात ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही अक्षर नाही, हे शब्द असंख्य खेळाडूंना तोंडपाठ असतात. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या वेस्टर्न कूमला १९२१ साली गिर्यारोहक मॅलरीने ते नाव दिले, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते.