शांत घरांच्या मागे : यासुजिरो ओझू

१९४३ साली जपानी लष्कराने एका दिग्दर्शकाला सिंगापूरला धाडलं. सुभाषचंद्र बोसांवर एक प्रचारपट करायचा होता. नावही ठरलं होतं, ‘डेरी ए, डेरी ए’. आपल्या कानांना ओळखीचं, ‘चलो दिल्ली’. तो चित्रपट काही पूर्ण झाला नाही. दिग्दर्शकाचं मनच कामात नव्हतं. तो वाचत असे, टेनिस खेळत असे आणि लष्कराच्या हाती लागलेले अमेरिकन चित्रपट अंधारात बसून बघत असे. ‘सिटिझन केन’ त्याने तिथेच पाहिला.

हा माणूस म्हणजे यासुजिरो ओझू. पुढे दहा वर्षांनी त्याने ‘टोकियो स्टोरी’ केला. ओझूचं नाव निघालं की लोक शांतता, संयम, चहाचे पेले, रिकामे व्हरांडे एवढंच बोलतात. ते खरंच आहे. पण ही शांतता कुठून आली हे पाहिल्याशिवाय ती नीट कळत नाही, असं मला वाटतं.

ओझू १२ डिसेंबर १९०३ चा, टोकियोच्या फुकागावा भागातला. लहानपणीच आई आणि भावंडांबरोबर मिए प्रांतातल्या मात्सुसाकाला गेला. वडील कामधंद्यासाठी टोकियोतच राहिले. वडील दूर आणि घर आईच्या भोवती, हे चित्र त्याच्या मनात तेव्हापासूनचं. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेत तो नापास झाला, वर्षभर डोंगरातल्या एका गावात बदली शिक्षक म्हणून काढलं आणि १९२३ मध्ये तो शोचिकू या चित्रपट कंपनीत कॅमेरा विभागात हमाली कामाला लागला. १९२७ मध्ये पहिला चित्रपट, तोही तलवारबाजीचा. आज त्याची प्रत उरलेली नाही.

मूकपटांच्या काळात त्याने भराभर कामं केली. १९३२, १९३३ आणि १९३४ अशी सलग तीन वर्षं ‘किनेमा जुम्पो’ या चित्रपटविषयक नियतकालिकाने त्याचाच चित्रपट वर्षातला सर्वोत्तम ठरवला. त्यातल्या ‘जन्मलो खरा, पण...’मध्ये दोन लहान भाऊ आपल्या वडिलांना साहेबापुढे माकडचेष्टा करताना पडद्यावर बघतात आणि घरी येऊन जेवायचंच नाकारतात. हसता हसता घशात काहीतरी अडकतं.

मग युद्ध. सप्टेंबर १९३७ मध्ये ओझूला चीनमध्ये पाठवलं गेलं, तेही रासायनिक शस्त्रं हाताळणाऱ्या तुकडीत. जवळजवळ दोन वर्षं तो तिथे होता. त्याचा मित्र सादाओ यामानाका हा विलक्षण गुणी दिग्दर्शक त्याच आघाडीवर आजारी पडून गेला, अवघ्या २८ व्या वर्षी.

परतल्यावर ओझूने ‘ओचाझुके नो आजी’ची पटकथा लिहिली. ओचाझुके म्हणजे भातावर गरम चहा ओतून केलेलं घरगुती जेवण. घरात काही नसलं की आपण ताकभात कालवतो, त्याच जातीचं. पटकथेत युद्धावर निघालेला नवरा आणि त्याची बायको शेवटी हेच खातात. सेन्सॉरने हरकत घेतली. रणांगणावर निघालेल्याला शुभाचा लाल भात वाढायचा, चहाभात कसला? ओझूने पटकथा बाजूला ठेवली. युद्धानंतर, १९५२ मध्ये, तीच बदलून चित्रपट केला. एका वाटीभर भातासाठी माणूस इतकी वर्षं थांबला, यात मला अख्खा ओझू दिसतो.

१९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करल्यावर तो सिंगापुरातच नजरकैदेत गेला. मायदेशी जाणाऱ्या पहिल्या बोटीत सगळ्यांना जागा नव्हती. चिठ्ठ्या टाकल्या, ओझूचं नाव निघालं आणि त्याने आपली जागा दुसऱ्याला दिली. तो घरी पोचला फेब्रुवारी १९४६ मध्ये.

यानंतरचा ओझू जगाला माहीत आहे. लेखक कोगो नोदाबरोबर तो खोली घेऊन महिनोन् महिने पटकथा लिही, आणि साकेच्या, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूच्या, बाटल्या मोजून कामाची प्रगती ठरवी. कॅमेरा जमिनीलगत, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही खाली. लेन्स जवळजवळ कायम ५० मिलिमीटरची. टेबलावरचा पेला कुठे असावा हे तो स्वतः भिंगातून बघून ठरवी.

‘टोकियो स्टोरी’त ओनोमिचीचं म्हातारं जोडपं मुलांकडे राजधानीत येतं. डॉक्टर मुलगा आणि केशभूषेचं दुकान चालवणारी मुलगी, दोघांनाही वेळ नाही. मायेने करते ती युद्धात गेलेल्या मुलाची विधवा, नोरिको. सेत्सुको हाराने साकारलेली ही सून पाहताना लक्षात येतं की ओझूने युद्ध दाखवलं नाही, त्याने फक्त त्या मुलाचा फोटो तिच्या खोलीत ठेवला. मी हा चित्रपट जितक्या वेळा पाहिला, तितक्या वेळा त्या फोटोपाशी थांबलो.

हे चित्रपट फारच जपानी आहेत, परदेशात कुणाला कळणार नाहीत, अशी समजूत बरीच वर्षं होती. ‘टोकियो स्टोरी’ न्यूयॉर्कच्या चित्रपटगृहात लागला तो १९७२ मध्ये. २०१२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट मासिकाच्या पाहणीत जगभरच्या दिग्दर्शकांनी त्याला पहिला क्रमांक दिला.

ओझूने लग्न केलं नाही. शेवटची वर्षं तो आईबरोबर किता-कामाकुरात राहिला. ‘सान्मा नो आजी’ची पटकथा चालू असतानाच, १९६२ मध्ये, आई गेली. त्याच चित्रपटाच्या शेवटी मुलीला सासरी पाठवून आलेला बाप रात्री स्वयंपाकघरात एकटाच बसतो, किटलीतून पेल्यात ओततो आणि पितो. त्यानंतर ओझूने चित्रपट केला नाही. १२ डिसेंबर १९६३ ला, साठाव्या वाढदिवशीच, कर्करोगाने तो गेला. कामाकुरातल्या त्याच्या थडग्यावर लोक आजही साकेच्या बाटल्या ठेवून जातात.